लॅटिन क्रियापदांची देवनागरी सूची : प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

संस्कृत व्याकरणाची ओळख असलेल्या मराठी वाचकासाठी लॅटिन क्रियापदांची एक सूची देवनागरीत तयार करण्याचे काम आजपासून सुरू केले आहे. प्रत्येक नोंदीत क्रियापदाची मुख्य रूपे, त्याचे मूळ, संस्कृतातील सगोत्र धातू आणि अभिजात काळातील उच्चार अशा चार गोष्टी येतील. लॅटिन शिकू पाहणारा मराठी माणूस आजवर बहुधा इंग्रजी पुस्तकावरूनच शिकत आला आहे, त्यामुळे धातू, गण, अभ्यास, तुमन्त या ज्या कल्पना त्याला शाळेपासून ठाऊक आहेत त्यांचा लॅटिनसाठी उपयोग होऊ शकतो हे त्याच्या लक्षातच येत नाही. ही उणीव भरून काढावी, हा या सूचीचा हेतू आहे.

हा मार्ग काही नवा नाही. फ्रान्झ बॉप याने १८१६ साली प्रसिद्ध केलेला पहिला ग्रंथ संस्कृतच्या क्रियापदव्यवस्थेवरच होता आणि त्यात ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मनिक भाषांच्या क्रियापदांशी तिची तुलना केलेली होती. तौलनिक भाषाशास्त्राची उभारणी झाली ती शब्दसंग्रहातील साम्यांवर नव्हे, तर क्रियापदांच्या प्रत्ययांवर, ही बाब प्रस्तावनेत ठळकपणे यायला हवी.

नमुन्याची पहिली नोंद 'वाहून नेणे' या अर्थाच्या क्रियापदाची केली: वॆहो, वॆहॆरॆ, वेक्सी, वॆक्तुम्. यातले पहिले रूप 'मी वाहतो' असे, दुसरे 'वाहणे' असे, तिसरे पूर्णभूतकाळाचे आणि चौथे संस्कृतच्या तुमन्तासारखे आहे. समोर संस्कृतचे वहामि, अवाक्षम्, वोढुम् मांडले की 'वेक्सी' आणि 'अवाक्षम्' यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही: दोन्हीकडे धातूचा स्वर दीर्घ झाला आहे आणि दोन्हीकडे मागे 'स' लागला आहे. मराठीतले 'वाहणे' याच घराण्यातले आहे.

७ ऑगस्ट

वरच्या नोंदीत 'वॆ' आणि 'वे' अशी दोन वेगळी चिन्हे वापरली आहेत, त्यांचा निर्णय आज पक्का केला. देवनागरीतील ए आणि ओ हे संस्कृत परंपरेने दीर्घ आहेत आणि मराठी लेखनात त्यांच्या ऱ्हस्व जोडीदारांसाठी अक्षर नाही. लॅटिनमध्ये मात्र हा भेद काळाचा भेद आहे. 'वॆनित्' म्हणजे 'तो येतो' आणि 'वेनित्' म्हणजे 'तो आला'. 'लॆगित्' म्हणजे 'तो वाचतो' आणि 'लेगित्' म्हणजे 'त्याने वाचले'. 'फॊदित्' म्हणजे 'तो खणतो' आणि 'फोदित्' म्हणजे 'त्याने खणले'. रोमन लेखनात या जोड्यांतील दोन्ही रूपे सारखीच लिहिली जात. ऐकणाऱ्याला मात्र फरक स्पष्ट कळत असे. द्राविडी भाषांचे शब्द देवनागरीत लिहिताना ऱ्हस्व ऎ आणि ऒ यांची जी चिन्हे वापरतात, तीच येथे घेतली आहेत.

दीर्घत्व सगळीकडे दाखवावे की केवळ जेथे अर्थ बदलतो तेथेच, याविषयी क्विंटिलियन या रोमन वक्तृत्वशिक्षकाचे मत प्रसिद्ध आहे. दीर्घ स्वरावर जी तिरकी खूण रोमन लोक क्वचित देत, ती प्रत्येक दीर्घ अवयवावर (शब्दातील उच्चारघटकावर) देणे मूर्खपणाचे आहे, पण ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलत असेल तेथे ती आवश्यक आहे, असे तो इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहितो. त्याच्या वाचकांच्या बाबतीत हे योग्यच होते, कारण ती त्यांची मातृभाषा होती. आमच्या वाचकाच्या कानात लॅटिन नाही, आणि शिवाय आजच्या मराठी बोलण्यात इ-ई, उ-ऊ यांचा भेद अर्थ ठरवत नसल्यामुळे 'वीदी' आणि 'विदी' त्याला एकच वाटण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून सूचीत प्रत्येक स्वराचे ऱ्हस्व-दीर्घत्व दाखवले जाईल, मग अर्थ बदलो वा न बदलो. या सूचीत स्वराची लांबी ही सजावट म्हणून येत नाही. काळ, धातू आणि पुष्कळदा शब्दाचा सारा इतिहास तिच्यात साठवलेला असतो, आणि ती गाळली तर क्रियापदाच्या मुळाविषयी लिहिलेले बाकीचे सारे निराधार ठरते.

११ ऑगस्ट

व्यंजनांचे टिपण. त आणि द दंत्य आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला ते इंग्रजीभाषकापेक्षा सहज साधतील. 'फ' मात्र 'फळ'मधील महाप्राण नव्हे, तर 'फॅक्टरी'मधील घर्षक वाचावा, अशी सूचना आरंभीच द्यावी लागेल. ऐ आणि औ मराठीप्रमाणेच संयुक्त स्वर आहेत. ऱ्हस्व 'अ' हा आखूड केलेला 'आ' आहे. शब्दान्तीचा 'म्' रोमन लोक अर्धवटच उच्चारत, आणि 'मुल्तुम् इल्लॆ', 'क्वन्तुम् ऎरत्' अशा जागी तो जवळजवळ एखाद्या नव्या वर्णासारखा ऐकू येतो, असे क्विंटिलियननेच नोंदवले आहे. आपल्या अनुनासिकाची ज्याला सवय आहे त्याला हे लगेच उमगेल.

'व' हा दात न लावता, दोन्ही ओठ गोल करून उच्चारायचा, म्हणजे 'ग्वाही'तल्यासारखा. याचा सर्वांत बोलका पुरावा सिसेरो या रोमन लेखकाने दिला आहे. इ.स.पू. ५५ मध्ये रोमन सेनापती क्रॅसस पार्थियावरील मोहिमेसाठी ब्रुंदिसियम बंदरात सैन्य जहाजांवर चढवत असताना काउनस गावचे अंजीर विकणारा एक माणूस 'कौनॆआस्!' असे ओरडत होता. क्रॅससने हा शकुन ओळखला असता तर तो वाचला असता, असे पुढे लोक म्हणू लागले, कारण त्या आरोळीत 'कवॆ ने ऎआस्', म्हणजे 'सांभाळ, जाऊ नकोस', हे शब्द ऐकू येत होते. भरभर बोलताना 'कवॆ'चा शेवटचा स्वर गळतो, 'ने' पुढच्या शब्दात मिसळतो आणि 'कव्' व 'कौ' यांत फरक उरत नाही. 'व' दात लावून उच्चारला जात असता, तर हा शकुन कुणाला ऐकूच आला नसता. सम्राट क्लॉडियसने या व्यंजन 'व'साठी वेगळे अक्षर काढले होते. ते त्याच्या मृत्यूनंतर टिकले नाही.

'क' सर्व स्वरांपूर्वी 'क'च आहे. सार्डिनियातील काही बोलींत शंभराच्या संख्येला आजही 'केंतु' म्हणतात. 'कैसर' हे नाव ग्रीकमधून, पुढे अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि 'कैसर-ए-हिंद' या राणीच्या पदवीत जुना 'क' आणि जुना 'ऐ' दोन्ही शाबूत राहिले. इ आणि ए यांच्यापूर्वी 'च' म्हणण्याची रीत रोमच्या चर्चची आहे. डच विद्वान इरॅस्मसने १५२८ साली प्राचीन उच्चारांविषयी संवादरूप ग्रंथ लिहिला, तेव्हा युरोपातला प्रत्येक देश आपापल्या भाषेच्या वळणाने लॅटिन वाचत होता, आणि कॅथलिक चर्चमध्येही रोमन रीत सर्वत्र रुजवण्याचा आग्रह पोप दहावे पायस यांनी १९१२ सालच्या पत्रात धरला.

१६ ऑगस्ट

आजचा दिवस दोन जुन्या लेखांवर गेला आणि सूचीची प्रस्तावना त्यांच्यापासूनच सुरू करावी असे वाटू लागले आहे.

पहिला लेख रोमजवळच्या प्रेनेस्ते येथील सोन्याच्या टाचणीवरचा, इ.स.पू. सातव्या शतकातला. उजवीकडून डावीकडे कोरलेल्या चारच शब्दांचा हा मजकूर: मानिऒस् मेद् फॆफकॆद् नुमसिओई. 'मानियसने मला नुमासियससाठी घडवले' असे टाचणी स्वतःच सांगते. 'फ'साठी तेव्हा स्वतंत्र अक्षर रुळले नव्हते, म्हणून दोन अक्षरे जोडून तो ध्वनी लिहिलेला आहे. १८८७ साली ही टाचणी विद्वानांपुढे आली, पुढे ती बनावट असल्याचा संशय अनेकांनी घेतला, आणि २०११ मध्ये सोन्याच्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म तपासणीचे निष्कर्ष जाहीर होऊन ती अस्सल ठरली.

दुसरा लेख १८८० साली रोमच्या क्विरिनल टेकडीवर सापडलेल्या, तीन लहान भांडी जोडून केलेल्या मातीच्या पात्रावरचा आहे. त्यात 'द्वॆनॊस् मेद् फेकॆद्', म्हणजे 'भल्या माणसाने मला घडवले', असे शब्द आहेत.

या दोन लेखांत एकाच क्रियापदाची दोन पूर्णभूत रूपे आहेत. अभिजात लॅटिनमध्ये फकिओ, फकॆरॆ, फेकी, फक्तुम् असे चालणाऱ्या या क्रियापदाचे मूळ आपल्या 'धा' धातूच्या मुळाशी एकच आहे. संस्कृत आणि लॅटिन या दोघींच्या मूळ भाषेतील महाप्राण ध हा लॅटिनमध्ये शब्दारंभी फ झाला. टाचणीवरचे 'फॆफकॆद्' हे द्वित्वाचे, म्हणजे धातूचा आरंभ दोनदा येणारे रूप आहे. पाणिनीय परिभाषेत सांगायचे तर त्यात अभ्यास आहे, 'दधौ'मध्ये आहे तसाच. पात्रावरचे 'फेकॆद्' हे द्वित्व नसलेले, दीर्घ स्वराचे रूप, आणि पुढे हेच रूप टिकले. रोम आणि त्याच्या जवळचे प्रेनेस्ते या परिसरात काही काळ दोन्ही पर्याय बोलले जात असावेत.

शेवटचा 'द्' पाहण्यासारखा आहे. त्याच पात्रावर 'यॊवॆसत् दॆइवोस्', म्हणजे 'तो देवांची शपथ घेतो', असे वर्तमानकाळाचे रूप आहे, आणि तेथे शेवटी 'त्' आहे. वर्तमानकाळी 'त्' आणि भूतकाळी 'द्' हा भेद अपघाताने झालेला नाही. संस्कृतात वर्तमानकाळी 'ति' आणि भूतकाळी नुसता 'त्' लागतो: अस्ति, पण आसीत्. मूळच्या 'ति'मधील इकार लॅटिनमध्ये गळला आणि 'त्' उरला, तर मूळच्या नुसत्या 'त्'चा आधीच 'द्' झाला होता. सिसेरोच्या काळापर्यंत सगळीकडे 'त्' झाल्यामुळे हा दुवा पुसला गेला. संस्कृतमधील लट् (वर्तमानकाळ) आणि लङ् (भूतकाळ) शिकलेल्या विद्यार्थ्याला तो त्या मातीच्या पात्रावर वाचता येतो, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

१९ ऑगस्ट

'यॊवॆसत्' पुढे 'यूरत्' झाले. दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' होण्याचा हा बदल इ.स.पू. चौथ्या शतकात पूर्ण झाला. पापिसियस हे कुलनाम सोडून पापिरियस म्हणवून घेणारा पहिला माणूस कोण, हेही सिसेरोने एका पत्रात सांगितले आहे. क्रियापदांत या बदलाच्या खुणा जागोजागी आहेत. 'ऊरो' म्हणजे 'मी जाळतो', पण 'उस्सी', 'उस्तुम्'. संस्कृतचा 'उष्' धातू, ओषति, हाच. 'ऎस्सॆ' (असणे) यातला 'सॆ' हा मूळ प्रत्यय आहे आणि 'अमारॆ', 'औदीरॆ' यांतला 'रॆ' म्हणजे तोच प्रत्यय दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला. 'फॆर्रॆ'मध्ये त्या 'स'ने शेजारच्या 'र'चे रूप घेतले.

२३ ऑगस्ट

'फॆरो, फॆर्रॆ, तुली, लातुम्'. विद्यार्थी या नोंदीला घाबरतात, कारण पहिली दोन आणि शेवटची दोन रूपे एकमेकांशी जुळतच नाहीत. तसे होण्याचे कारण असे, की येथे दोन वेगळे धातू एकत्र आले आहेत. 'फॆरो' म्हणजे भरामि; मूळचा भ शब्दारंभी फ झाला. 'तुली' हे उचलणे, तोलणे या अर्थाच्या दुसऱ्याच धातूपासून आले आहे. संस्कृतचे 'तुला' आणि मराठीचे 'तोलणे' त्याच धातूचे. जुन्या नाटकांत 'तॆतुलित्' असे द्वित्वाचे रूप अजून आढळते. 'लातुम्' याच दुसऱ्या धातूचे असून त्यात आरंभीच्या 'त्ल' जोडाक्षरातला त गळाला आहे.

याच भ्‌ची दुसरी गत 'असणे' क्रियापदात दिसते. 'फुई' (मी होतो) हे 'भू' धातूचे, म्हणजे मराठीतल्या 'होणे'चे भावंड. शब्दाच्या मध्ये मात्र भ्‌चा ब होतो, आणि म्हणून 'अमाबम्' (मी प्रेम करीत असे), 'अमाबो' (मी प्रेम करीन) यांतला 'ब' हा त्याच 'भू'चा अवशेष आहे. खुद्द 'अमो'च्या मुळाबद्दल मात्र विद्वानांत एकमत नाही, त्यामुळे ते सूचीत केवळ रूपावलीसाठी राहील.

पूर्णभूताच्या नोंदींना आजपासून खुणा केल्या. संस्कृतातले लिट् आणि लुङ् हे भूतकाळाचे दोन वेगळे लकार लॅटिनने एकाच काळात विलीन केले. 'तुन्दो'चे 'तुतुदी' लिट्कडून आले, 'तुतोद'सारखे. 'वेक्सी', 'दीक्सी' लुङ्कडून आले. वाचकाला या दोन गटांची ओळख पटली की पूर्णभूताचे इतके प्रकार का, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो.

२८ ऑगस्ट

सीझरने इ.स.पू. ४७ मधील झेलाच्या विजयानंतर वापरलेले तीन शब्द नमुना उच्चार म्हणून घेतले: वेनी, वीदी, वीकी (आलो, पाहिले, जिंकले). तिन्ही रूपांत धातूचा स्वर दीर्घ आहे, तर वर्तमानकाळी वॆनित्, विदॆत्, विङ्कित् असे तिन्हीकडे ऱ्हस्व. 'वॆनिओ' हा आपला 'गम्': मूळचा ओष्ठ्य रंगाचा 'ग' लॅटिनमध्ये 'व' झाला, जसा 'जीवति'च्या जोडीला लॅटिनमध्ये 'वीवित्'. 'विदॆओ' हा 'विद्', आणि 'वीदी'चा दीर्घ ई 'वेद'मधल्या ए सारखाच जुन्या संयुक्त स्वरातून आलेला आहे.

'विङ्को'मधला 'ङ' पूर्णभूतात का नाहीसा होतो, हे संस्कृतच्या रुधादिगणाकडे पाहिले की समजते. युनक्ति, भिनत्ति, छिनत्ति यांत धातूच्या पोटात 'न' शिरतो तो वर्तमानकाळापुरताच, आणि लॅटिनचे युङ्गो, फिन्दो, स्किन्दो हे याच धातूंचे, त्याच पद्धतीने बनलेले आहेत. म्हणून 'स्किन्दो' पण 'स्किदी', 'लिङ्क्वो' पण 'लीक्वी', 'विङ्को' पण 'वीकी'. (युङ्गोने मात्र हा 'न' पूर्णभूतातही कायम ठेवला: यूङ्क्सी.) गणव्यवस्था ठाऊक असलेल्याला ही यादी पाठ करण्याची गरज पडणार नाही.

२ सप्टेंबर

आघाताचा नियम सोपा आहे. शेवटून दुसरा अवयव गुरू असेल तर आघात त्यावर, लघू असेल तर त्याच्या मागच्या अवयवावर. म्हणून 'मॊनेरॆ'मध्ये आघात 'ने'वर आणि 'लॆगॆरॆ'मध्ये पहिल्या 'लॆ'वर. इटालियन माणूस आजही 'लेज्जेरे' म्हणताना पहिल्याच अवयवावर जोर देतो.

या नियमाची कसोटी म्हणून दोन क्रियापदे निवडली: 'कदो' म्हणजे पडणे आणि 'कैदो' म्हणजे कापणे. पहिल्याचे पूर्णभूत 'कॆकिदी', आघात 'कॆ'वर. दुसऱ्याचे 'कॆकीदी', आघात 'की'वर. आरंभी उपसर्ग लागला की 'ऒक्किदित्' म्हणजे 'तो मावळतो, पडतो' आणि 'ऒक्कीदित्' म्हणजे 'तो ठार मारतो'. फार जुन्या काळी लॅटिनचा आघात नेहमी पहिल्या अवयवावर असे, त्यामुळे आतले स्वर दुबळे होत गेले: अ-चा इ झाला आणि ऐ-चा ई झाला. पुढे आघाताची जागा बदलली, पण बदललेले स्वर तसेच राहिले. अशा रीतीने मरणारा आणि मारणारा यांच्यातला फरक एका मात्रेवर येऊन ठेपला. रोमन लेखक थोरल्या प्लिनीने सीझर हे नाव याच 'कैदो'वरून, आईचे पोट कापून काढलेला म्हणून, आल्याचे सांगितले आहे. ती नोंद टिपेत घेऊ.

८ सप्टेंबर

अगो, अगॆरॆ, एगी, आक्तुम् (करणे, हाकणे). धातूत अ ऱ्हस्व, मग 'आक्तुम्'मध्ये दीर्घ कसा? पण फकिओचे 'फक्तुम्' ऱ्हस्व आहे, आणि 'दीको'मध्ये (म्हणणे) धातूचा ई दीर्घ असूनही 'दिक्तुम्' ऱ्हस्व. हा प्रश्न दुसऱ्या शतकात औलस गेलियस या रोमन लेखकालाही पडला होता. धातूतला अ ऱ्हस्व म्हणून 'आक्तितो'चा (वारंवार करणे) पहिला स्वर ऱ्हस्व उच्चारणाऱ्या सुशिक्षितांना तो विचारतो, की मग 'दीको'पासून झालेले 'दिक्तितो' (वारंवार म्हणणे) आपण ऱ्हस्व का म्हणतो? जर्मन विद्वान कार्ल लाखमान याने १८५० साली उत्तर मांडले: धातूच्या शेवटी मृदू व्यंजन असेल तर 'त'पूर्वी स्वर दीर्घ होतो, कठोर असेल तर होत नाही. अगो, रॆगो, लॆगो, तॆगो यांत शेवटी ग आहे, म्हणून आक्तुम्, रेक्तुम्, लेक्तुम्, तेक्तुम्. सॆदॆओचे 'सॆस्सुम्', स्किन्दोचे 'स्किस्सुम्' असे अपवाद आहेत आणि नियमाच्या कारणांवर आजही वाद चालू आहे, पण सूचीपुरता नियम उपयोगी आहे.

याची साक्ष इटालियन भाषा देते. 'वाचलेला' आणि 'पलंग' या दोन्हींसाठी तेथे 'लेत्तो' हाच शब्द लिहितात, पण पहिल्यातला ए संवृत (तोंड कमी उघडून) आणि दुसऱ्यातला विवृत (तोंड अधिक उघडून) उच्चारतात, कारण पहिला दीर्घ 'ए'पासून आणि दुसरा ऱ्हस्व 'ऎ'पासून आला आहे. गेलियसने ज्या दीर्घत्वाचा आग्रह धरला, ते स्वराच्या गुणात बदलून आजवर टिकले आहे.

१५ सप्टेंबर

शेवटची मोठी नोंद 'क्रेदो', म्हणजे 'माझा विश्वास आहे'. मूळ भाषेतील हा जोडशब्द संस्कृतातील 'श्रद्धा'चाच आहे: पूर्वपद 'श्रद्', उत्तरपद 'धा'. संस्कृतमध्ये जेथे श, तेथे लॅटिनमध्ये क, जसे शतम् आणि कॆन्तुम्. 'धा'चा ध शब्दारंभी फ झाला, तो 'फकिओ'त. शब्दाच्या मध्ये द झाला, तो येथे. टाचणीवरचे 'फॆफकॆद्' आणि रविवारच्या प्रार्थनेतला 'क्रेदो' यांच्यात हे असे रक्ताचे नाते आहे.

या नोंदीच्या टिपेत गोव्याचा उल्लेख येणे योग्य ठरेल. १६१६ साली ख्रिस्तपुराण मराठीत आणणारे फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट असल्याने लॅटिन रोज वाचणारे होते, आणि येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते असे त्यांनी गोव्याहून आपल्या भावाला २४ ऑक्टोबर १५८३ च्या पत्रात कळवले होते. बॉपच्या ग्रंथाआधी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचे हे निरीक्षण आहे, आणि ते करणाऱ्याने पुढे मराठी ओवीत हजारो ओळी रचल्या.

चर्चमधील लॅटिन ज्यांच्या कानावरून गेले आहे असे वाचक गोव्यात आणि वसईत आहेत, म्हणून सूचीत पाचवा रकाना वाढवून रोमन चर्चच्या रीतीचा उच्चार द्यायचे ठरवले. 'क्रेदो' दोन्ही रकान्यांत जवळजवळ सारखाच राहतो. 'फकिओ' मात्र दुसरीकडे 'फाचिओ' होतो आणि 'वीकी' 'वीची' होतो. चर्चच्या रीतीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्याने त्या रकान्यात 'वॆनित्' आणि 'वेनित्' एकच दिसतील. तेथे आम्ही ऱ्हस्व ऎ आणि ऒ ही चिन्हे वापरणार नाही, केवळ आघाताचा अवयव ठळक अक्षरात छापू. पुढच्या आठवड्यात कर्मणी प्रत्यय लागूनही कर्तरी अर्थ देणारी 'सॆक्वॊर्' (सचते) आणि 'मॊरिऒर्' (म्रियते) ही क्रियापदे हाताशी घेऊन आत्मनेपदाचे प्रकरण सुरू होईल.